उत्तरायुष्यातील सांस्कृतिक सहभाग आणि आरोग्य

वार्धक्यातील आरोग्याचा विचार करताना आहार, व्यायाम, औषधे आणि वेळच्या वेळी होणाऱ्या तपासण्या यांना जे स्थान मिळते, ते नाटक, भजन, वाचनालय किंवा गाण्याची बैठक यांना सहसा मिळत नाही. या गोष्टी वेळ घालवण्याच्या, फार तर मन रमवण्याच्या मानल्या जातात आणि प्रकृती थोडी नरम झाली की घरातील मंडळी सर्वप्रथम त्यांनाच कात्री लावतात. गुडघा दुखत असताना औषधाच्या दुकानापर्यंत जाणे आवश्यक ठरते, भजनाला जाणे मात्र हौसेत जमा होते. गेल्या तीस वर्षांतील संशोधन पाहता हा हिशेब पुन्हा मांडण्याची गरज आहे. तो मांडताना दुसऱ्या टोकालाही जाऊ नये, कारण संगीताने स्मृतिभ्रंश बरा होतो अशा आशयाचे निरोप हल्ली मोबाइलवर सर्रास फिरतात आणि त्यांना आधार नसतो. सांस्कृतिक सहभागातून उत्तरायुष्यात काय मिळते, काय मिळत नाही आणि जे मिळते ते पदरात पडावे यासाठी ज्येष्ठांनी व कुटुंबीयांनी कोणती तजवीज करावी, याचा विचार येथे केला आहे.

सांस्कृतिक सहभाग या संज्ञेत दोन प्रकारच्या गोष्टी येतात. पाहणे, ऐकणे आणि वाचणे हा पहिला, ग्रहणाचा प्रकार असून त्यात नाटक, मैफल, कीर्तन, व्याख्यान, वस्तुसंग्रहालय आणि ग्रंथ यांचा समावेश होतो. स्वतः गाणे, वाजवणे, नाचणे, लिहिणे, विणणे, रांगोळी काढणे हा दुसरा, कृतीचा प्रकार होय. मराठी परंपरेत या दोहोंमधली सीमा फारशी पक्की नाही. कीर्तनातील श्रोता नामघोष करतो आणि टाळी वाजवतो, म्हणजे तो पूर्णपणे श्रोता उरत नाही. हा मुद्दा पुढे उपयोगी पडणार असल्याने तो आरंभीच नोंदवलेला बरा.

पुरावा आणि त्याच्या मर्यादा

या विषयावरील सुरुवातीच्या महत्त्वाच्या अभ्यासांपैकी एक स्वीडनमधील असून तो १९९६ मध्ये प्रसिद्ध झाला. साडेबारा हजारांहून अधिक व्यक्तींची माहिती सुमारे नऊ वर्षे तपासल्यावर, सांस्कृतिक कार्यक्रमांना क्वचित जाणाऱ्यांच्या तुलनेत वारंवार जाणारे अधिक काळ जगले असे त्यात दिसले. इंग्लंडमध्ये ५० वर्षांवरील व्यक्तींचा मोठा अभ्यास २००२ पासून चालू आहे. त्यातील ६,७१० व्यक्तींच्या १४ वर्षांच्या नोंदींवर आधारलेला, डेझी फॅनकोर्ट आणि अँड्र्यू स्टेप्टो यांचा निबंध डिसेंबर २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. वस्तुसंग्रहालय, कलादालन, नाटक किंवा संगीताचा कार्यक्रम यांना वर्षातून एकदोनदा जाणाऱ्यांमध्ये त्या काळातील मृत्यूचा धोका कधीच न जाणाऱ्यांपेक्षा १४ टक्के कमी, तर दर काही महिन्यांनी किंवा त्याहून अधिक वेळा जाणाऱ्यांमध्ये ३१ टक्के कमी आढळला. आर्थिक स्थिती, शिक्षण, आजार, हालचालीची क्षमता आणि मित्रपरिवार यांचा परिणाम गणिताने वजा केल्यानंतरही हा फरक उरतो. त्याच मोठ्या अभ्यासातील २,१४८ व्यक्तींच्या नोंदींवरून नैराश्याचाही विचार झाला आणि दर काही महिन्यांनी सांस्कृतिक कार्यक्रमांना जाणाऱ्यांमध्ये दहा वर्षांत नैराश्य येण्याचा धोका ३२ टक्के, तर महिन्यातून एकदा किंवा अधिक वेळा जाणाऱ्यांमध्ये ४८ टक्के कमी असल्याचे दिसले.

हे आकडे आकर्षक असले तरी ते निरीक्षणात्मक अभ्यासांतून आलेले आहेत. निरीक्षणात्मक अभ्यास म्हणजे संशोधकाने कोणालाही काही करायला न सांगता लोक आपापल्या मर्जीने जे करतात त्याची आणि पुढे त्यांचे काय होते याची नोंद ठेवणे. अशा नोंदींतून दोन गोष्टी एकत्र आढळतात एवढेच सिद्ध होते. एकीमुळे दुसरी घडते हे सिद्ध होत नाही. नाटकाला जाणारा मनुष्य नाटकामुळे धडधाकट राहतो की धडधाकट असल्यामुळे नाटकाला जाऊ शकतो, हा प्रश्न गणिताने बराचसा सुटतो, पुरता सुटत नाही.

हा प्रश्न किती खरा आहे हे ब्रिटिश सरकारी कर्मचाऱ्यांच्या ‘व्हाइटहॉल २’ या दीर्घ अभ्यासाने दाखवून दिले. आठ हजारांहून अधिक व्यक्तींची सरासरी ५६ व्या वर्षीची छंदांची नोंद पुढील १८ वर्षांतील स्मृतिभ्रंशाशी जोडून पाहिली तेव्हा काहीच संबंध आढळला नाही. सरासरी ६६ व्या वर्षीची नोंद घेतल्यावर मात्र ज्यांचे छंद कमी होते त्यांच्यात पुढील आठ वर्षांत स्मृतिभ्रंश अधिक आढळला. याचा अर्थ असा संभवतो की छंद सुटल्यामुळे स्मृतिभ्रंश येत नसून येऊ घातलेला स्मृतिभ्रंश आधी छंद सोडवतो. स्मृतिभ्रंश म्हणजे केवळ विसराळूपणा नव्हे. स्मरण, भाषा, निर्णय आणि दैनंदिन व्यवहार ढासळत नेणाऱ्या मेंदूच्या विकारांना मिळून हे नाव आहे आणि भारतात ६० वर्षांवरील सुमारे ७.४ टक्के व्यक्तींना तो असल्याचा अंदाज आहे.

या निष्कर्षातून कुटुंबीयांसाठी एक अत्यंत व्यावहारिक सूचना निघते. वर्षानुवर्षे दर गुरुवारी भजनाला जाणारी व्यक्ती काही महिन्यांपासून सबबी सांगू लागली, पेटीवर हात असलेल्याने पेटीला शिवणे सोडले किंवा शब्दकोडे रोज सोडवणाऱ्याचे वर्तमानपत्र घडीचे तसेच पडून राहू लागले, तर ‘वय झाले’ म्हणून ते सोडून देऊ नये. त्यामागे ऐकू न येणे असू शकते, मोतीबिंदू असू शकतो, नैराश्य असू शकते, थायरॉईडचा विकार किंवा ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता असू शकते आणि स्मृतिभ्रंशाची सुरुवातही असू शकते. यांपैकी बहुतेकांवर उपचार आहेत आणि ते लवकर झाले तर अधिक उपयोगी पडतात. जुना छंद सुटणे ही डॉक्टरांना सांगण्याजोगी गोष्ट आहे, ती रक्तदाबाच्या आकड्याइतक्याच गांभीर्याने सांगावी.

निरीक्षणापेक्षा अधिक भक्कम पुरावा प्रयोगातून मिळतो. अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्को येथे १२ ज्येष्ठ नागरिक केंद्रांत मिळून ३९० व्यक्तींवर असा प्रयोग झाला; काही केंद्रांत समूहगायन लगेच सुरू करण्यात आले, काहींत सहा महिन्यांनी. गाणाऱ्यांमध्ये एकाकीपणा कमी झाला आणि जगण्यातील रस वाढला, परंतु बुद्धीच्या चाचण्यांत किंवा पायांच्या बळात लक्षणीय फरक पडला नाही. हा निकाल अनेकांना निराशाजनक वाटेल. वास्तविक तो या विषयाची खरी बाजू उघड करतो: सांस्कृतिक सहभागाचा सर्वांत खात्रीचा लाभ मनाला आणि माणसांतल्या नात्यांना होतो, शरीराला होणारा लाभ त्यामागून आणि अंशतः येतो, तर बुद्धीविषयीचे दावे आज तरी जपूनच करायला हवेत. एकाकीपणा कमी होणे ही काही किरकोळ मिळकत नव्हे. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ मध्ये स्मृतिभ्रंशाच्या टाळता येण्याजोग्या १४ कारणांची जी यादी दिली, तीत सामाजिक एकटेपणा, नैराश्य आणि श्रवणदोष ही तिन्ही आहेत.

लाभ कोणत्या वाटेने होतो

या लाभाच्या वाटा मुख्यतः तीन आहेत. पहिली मेंदूची. शिक्षण, वाचन, संगीत, नवी कौशल्ये यांतून मेंदूत पर्यायी वाटा तयार होत राहतात आणि पुढे काही भाग निकामी झाला तरी त्या वाटांनी काम काही काळ निभावते. याला बौद्धिक राखीव क्षमता म्हणतात आणि ही कल्पना याकोव्ह स्टर्न या शास्त्रज्ञाने विस्ताराने मांडली. अडीनडीला काढलेल्या जुन्या ठेवीसारखी ती असते. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात ७५ वर्षांवरील ४६९ व्यक्तींच्या अभ्यासात, जो २००३ मध्ये प्रसिद्ध झाला, वाचन, पटावरील खेळ, वाद्यवादन आणि नृत्य यांचा संबंध स्मृतिभ्रंशाच्या कमी धोक्याशी आढळला. शारीरिक हालचालींपैकी असा संबंध फक्त नृत्याचा दिसला. नृत्यात पाय, कान, आठवण आणि जोडीदार हे चारही एकाच वेळी सांभाळावे लागतात, हे त्याचे एक संभाव्य स्पष्टीकरण आहे. तरीही नृत्य म्हणजे सर्व दुखण्यांवरची मात्रा नव्हे. सिडनीतील २३ निवृत्त-वसाहतींत झालेल्या प्रयोगात नृत्यवर्गांमुळे पडण्याचे प्रमाण कमी झाले नाही, म्हणून तोल जाण्याची ज्यांना भीती आहे त्यांनी तोलाचे आणि पायांच्या बळाचे वेगळे व्यायाम करणे भागच आहे.

दुसरी वाट श्वासाची. अभंगाचा चरण एका दमात म्हणताना श्वास पोटापर्यंत घ्यावा लागतो आणि तो हळूहळू, बेताने सोडावा लागतो. याने फुप्फुसांचे जुने विकार बरे होत नाहीत, पण श्वसनाच्या स्नायूंना नियमित काम मिळते आणि मन शांत होते. तिसरी वाट दिनक्रमाची आहे आणि ती फार दुर्लक्षित राहते. निवृत्तीनंतर, विशेषतः नोकरी हीच ज्यांची ओळख होती अशा पुरुषांच्या बाबतीत, आठवड्याचे वार एकमेकांसारखे होत जातात. मंगळवारी सराव आणि शनिवारी बैठक असली की त्याआधी दाढी होते, कपड्यांना इस्त्री होते, जिना उतरला जातो, रिक्षावाल्याशी दोन शब्द होतात, परत येताना भाजी आणली जाते. ज्या गोष्टीला संशोधक कलेचा परिणाम म्हणतात तिचा मोठा भाग या घरापासून सभागृहापर्यंतच्या अंतरातच घडत असावा.

यामुळेच दूरदर्शन संचासमोर बसून पाहिलेले नाटक आणि नाट्यगृहात पाहिलेले नाटक यांना एका मापाने मोजता येत नाही. इंग्लंडमधील वर उल्लेखलेल्या मोठ्या अभ्यासात रोज साडेतीन तासांहून अधिक वेळ दूरदर्शन पाहणाऱ्या ५० वर्षांवरील व्यक्तींची शब्दस्मृती सहा वर्षांनी अधिक घटलेली आढळली. अंथरुणाला खिळलेल्या व्यक्तीला संचाचा मोठा आधार असतो आणि तो हिरावून घेण्याचे कारण नाही. परंतु जी व्यक्ती बाहेर पडू शकते तिच्यासाठी मालिका हा मैफलीचा पर्याय ठरत नाही.

निवड कशी करावी

कोणता उपक्रम निवडावा, याचे उत्तर बहुधा त्या व्यक्तीच्या तारुण्यात सापडते. मनुष्याच्या साधारण १० ते ३० वर्षे या वयातील आठवणी उत्तरायुष्यात सर्वांत ठळक राहतात, हे मानसशास्त्रात वारंवार दिसून आले असून त्याला स्मृतींचा उंचवटा असे म्हणता येईल. ग. दि. माडगूळकर आणि सुधीर फडके यांचे ‘गीतरामायण’ पुणे आकाशवाणीवरून १९५५ च्या रामनवमीपासून वर्षभर प्रसारित झाले. त्या वेळी बारा वर्षांचे असलेले श्रोते आज ऐंशी ओलांडून गेले आहेत आणि त्यातील ५६ गीतांपैकी अनेक गीते त्यांच्या ओठांवर अजून आहेत. उलट आज ६५ वर्षांच्या असलेल्या व्यक्तीचे तारुण्य सत्तरच्या दशकात सरलेले आहे. तिने १९७२ मध्ये सुरू झालेले मुंबई दूरदर्शन पाहिले, त्याच वर्षी रंगभूमीवर आलेल्या ‘घाशीराम कोतवाल’वरून पेटलेला वाद ऐकला आणि किशोरकुमारची गाणी गुणगुणली. तिला केवळ साठी उलटली म्हणून हरिपाठाच्या वर्गात बसवणे ही आयोजकांची सोय झाली, त्या व्यक्तीची आवड नव्हे. ज्येष्ठ म्हणजे भक्तिसंगीत हे समीकरण अनेक संस्था न तपासता वापरतात आणि मग सभासद का गळतात याचा शोध घेत बसतात.

ज्यांना मुळात भजनाची ओढ आहे त्यांच्यासाठी मात्र भजनी मंडळासारखी रचना शोधून सापडणार नाही. तीत ठरलेला वार आहे, प्रवेश शुल्क नाही, आवाज चांगला असण्याची अट नाही, पाठांतर आहे, टाळ धरल्यामुळे दोन्ही हातांचा मेळ आहे आणि कोणी दोन वेळा आले नाही तर चौकशीला घरी येणारी माणसे आहेत. वारकऱ्यांच्या पावल्या, म्हणजे टाळमृदंगाच्या ठेक्यावर पुढे, मागे, बाजूला टाकायची ठरावीक पावले, हा तर वजन एका पायावरून दुसऱ्यावर नेण्याचा उत्तम सराव आहे. घोटा किंवा गुडघा कमकुवत असेल तर भिंतीजवळ उभे राहून आणि उडी टाळून पावली करता येते. मंगळागौरीच्या खेळांतही असाच विवेक हवा. झिम्मा वयाच्या सत्तरीतही बेताबेताने खेळता येईल, परंतु हाडे ठिसूळ झालेल्या स्त्रीने वेगवान फुगडी घालू नये, कारण जोडीदाराचा हात सुटला की मांडीचे हाड मोडण्याची भीती असते. गोव्यातील धालोमध्ये स्त्रिया रांगांनी मागेपुढे सरत गातात, त्यात वेग कमी असल्याने तो प्रकार या दृष्टीने अधिक सोयीचा आहे.

वारीविषयी थोडक्यात सांगायचे तर आळंदी ते पंढरपूर ही सुमारे अडीचशे किलोमीटरची वाटचाल हृदयविकार किंवा मधुमेह असलेल्याने पूर्वतयारीवाचून करू नये. एका दिवसाची वारी करणाऱ्यांनीही पुणे ते सासवड हा दिवेघाटाचा सुमारे ३० किलोमीटरचा टप्पा पहिल्याच वर्षी निवडू नये. मधुमेहात पायांची संवेदना कमी झालेली असू शकते, त्यामुळे अनवाणी चालताना झालेली जखम कळत नाही. आणि एकादशीच्या उपवासात मधुमेहाच्या गोळ्यांचे प्रमाण काय ठेवावे हे आधी डॉक्टरांना विचारून घ्यावे, दिंडीतल्या अनुभवी सोबत्याला नव्हे.

वाचणाऱ्यांसाठी महाराष्ट्रात मोठी सोय आहे. १९६७ च्या कायद्यामुळे सार्वजनिक ग्रंथालयांचे जाळे गावोगाव पसरले आणि त्यांतील वर्तमानपत्रांचा कक्ष हा कित्येक निवृत्तांचा सकाळचा ठिय्या असतो. डोळे लवकर थकत असतील तर एकट्याने वाचण्याऐवजी अभिवाचन, म्हणजे एकाने मोठ्याने वाचणे आणि इतरांनी ऐकणे, हा पर्याय स्वीकारावा. वाचणाऱ्याच्या वाणीला व्यायाम होतो, ऐकणाऱ्याच्या डोळ्यांना विश्रांती मिळते आणि नंतरच्या वादावादीचा आनंद दोघांना सारखाच होतो. अनेक ग्रंथालये दिवाळी अंकांची योजना चालवतात आणि माफक रकमेत पुढचे काही महिने पुरतील इतके अंक वाचायला देतात, तिचा लाभ अवश्य घ्यावा.

स्वतःजवळचे इतरांना देणे हा कृतिशील सहभागाचा सर्वांत वरचा प्रकार मानावा लागेल. गी पॉयतवाँ आणि हेमा राईरकर यांच्या पुढाकाराने जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्यांचा संग्रह झाला, तो ग्रामीण स्त्रियांच्या, त्यांतही पुष्कळ प्रौढ आणि वृद्ध स्त्रियांच्या स्मरणातून. ज्या घरात ओव्या, पाळणे, भोंडल्याची गाणी किंवा एखाद्या बोलीतील म्हणी जाणणारी आजी आहे, त्या घरातील नातवंडांनी मोबाइलवर त्या ध्वनिमुद्रित करून घ्याव्यात. असे करताना गाण्यामागचा प्रसंग विचारावा, कोणाकडून शिकलीस हे विचारावे आणि चूक काढू नये. दिवसभर सूचना ऐकणारी व्यक्ती त्या तासाभरापुरती सांगणारी होते.

अडथळे आणि त्यांवरील उपाय

उपक्रमांची वाण महाराष्ट्रात नाही. पुण्याची वसंत व्याख्यानमाला १८७५ पासून चालत आली आहे, सवाई गंधर्वांच्या स्मरणार्थ भीमसेन जोशी यांनी सुरू केलेला महोत्सव १९५३ पासून होतो आणि ज्येष्ठ नागरिक संघ आता लहान शहरांतही आहेत. ज्येष्ठ तेथे पोचत नाहीत किंवा एकदा जाऊन पुन्हा जात नाहीत, त्याची कारणे बहुधा कान, डोळे, गुडघे आणि मूत्राशय यांच्याशी निगडित असतात आणि ती संकोचामुळे उघडपणे बोलली जात नाहीत.

श्रवणाचे उदाहरण घ्यावे. वयामुळे येणाऱ्या श्रवणदोषात आधी उंच पट्टीचे ध्वनी जातात. स, श, फ, थ यांसारखी व्यंजने पुसट होतात आणि स्वर मात्र ऐकू येत राहतात. परिणामी नाटकात आवाज ऐकू येतो पण शब्द कळत नाहीत, सगळे हसतात तेव्हा विनोद हुकलेला असतो आणि दोनचार प्रयोगांनंतर ती व्यक्ती ‘हल्लीची नाटके पूर्वीसारखी राहिली नाहीत’ असा निर्वाळा देऊन घरी बसते. ध्वनिवर्धकाचा आवाज वाढवल्याने प्रश्न सुटत नाही, कारण अशा कानांना मोठा आवाज लवकर असह्य होतो. श्रवणतपासणी करून घेणे, नटांचे ओठ दिसतील अशा पहिल्या चारपाच रांगांत आणि ध्वनिवर्धकाच्या भिंतीपासून दूर बसणे, हा खरा उपाय होय. श्रवणयंत्रे प्रामुख्याने बोलणे स्पष्ट ऐकू यावे यासाठी जुळवलेली असतात आणि त्यांतून गाणे कर्कश किंवा चिरके लागते. मैफलीला जाणाऱ्याने तज्ज्ञाकडून संगीतासाठी वेगळी जुळणी मागून घ्यावी. बहुतेकांना अशी सोय असते हेच ठाऊक नसते. श्रवणयंत्राचे महत्त्व केवळ सोयीपुरतेही नाही. अमेरिकेत ९७७ ज्येष्ठांवर झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात सर्वांचा एकत्रित विचार करता यंत्राचा बुद्धीवर परिणाम दिसला नाही, पण ज्यांना स्मृतिभ्रंशाचा धोका मुळातच अधिक होता त्या गटात तीन वर्षांतील बौद्धिक घसरण ४८ टक्क्यांनी मंदावली.

वय वाढते तशी डोळ्यांची बाहुली लहान होत जाते आणि उजेडातून अंधारात आल्यावर नजर स्थिरावायला अधिक वेळ लागतो. म्हणून तिसऱ्या घंटेच्या सुमारास घाईने आत शिरणे ज्येष्ठांनी कटाक्षाने टाळावे. दिवे चालू असताना जागेवर बसावे आणि नाटक संपल्यावर पूर्ण उजेड होईपर्यंत उठू नये. बाजूच्या मार्गिकेलगतची खुर्ची मागून घ्यावी, कारण मध्यंतराच्या दहापंधरा मिनिटांत स्वच्छतागृहाच्या रांगेत उभे राहायचे असते. या एका रांगेच्या धास्तीने अनेक स्त्रिया दुपारपासून पाणी पिणे सोडतात आणि मूत्र वाढवणारी रक्तदाबाची गोळीही त्या दिवशी परस्पर टाळतात. दोन्ही गोष्टी अपायकारक आहेत. गोळीची वेळ बदलता येते का, हे डॉक्टरांना विचारावे. दोन अडीच तास बसून राहिल्यावर एकदम उभे राहिले तर रक्तदाब उतरून घेरी येऊ शकते, तेव्हा बसल्या बसल्या घोटे वरखाली हलवून, खुर्चीचा हात धरून मग उठावे. टाळ्या बसूनही वाजवता येतात. जमिनीवरची बैठक गुडघ्यांना झेपत नसेल तर खुर्ची घ्यावी. खुर्चीत बसून म्हटलेला अभंग विठ्ठलाला कमी पोचतो असे कोणत्याही संताने म्हटलेले नाही.

प्रवासाचा खर्च हाही अडथळा असतो. राज्य परिवहनाच्या गाड्यांत ६५ ते ७५ या वयोगटाला निम्मे भाडे असून ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना ऑगस्ट २०२२ पासून राज्यात विनामूल्य प्रवास करता येतो; तालुक्याच्या गावी होणाऱ्या कीर्तनासाठी किंवा ग्रंथालयासाठी तो वापरायला हरकत नाही.

या सगळ्यांहून कठीण अडथळा रूढीचा आहे. संस्कृती माणसे जोडते असे सहजपणे म्हटले जाते, पण तीच काहींना दाराबाहेर उभे करते. पतीच्या निधनानंतर हळदीकुंकू, मंगळागौर, ओटी भरणे यांतून स्त्रीला वगळले जाते आणि उत्तरायुष्यात वैधव्याचा काळ स्त्रियांच्या वाट्याला अधिक येत असल्याने, ज्या वयात सोबतीची गरज सर्वांत मोठी त्याच वयात मैत्रिणींचे वर्तुळ तुटते. कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि राज्य शासनाने इतर ग्रामपंचायतींना त्याचे अनुकरण करण्याचे आवाहन केले, ही घटना सामाजिक सुधारणेइतकीच सार्वजनिक आरोग्याचीही मानली पाहिजे. महिला मंडळांनी संक्रांतीचे वाण देताना केवळ सवाष्णींनाच बोलावण्याची प्रथा सोडली, तर आरोग्यावरील कित्येक व्याख्यानांपेक्षा अधिक काम होईल.

स्मृतिभ्रंश झालेल्या व्यक्तीला बाहेर नेणे सोडू नये, पण वेळ आणि जागा पारखून निवडावी. अनेक रुग्णांची अस्वस्थता संध्याकाळी वाढते, त्यामुळे रात्रीच्या प्रयोगापेक्षा दुपारचा बरा, आणि गर्दीच्या जत्रेपेक्षा वस्तुसंग्रहालयातील एखादे शांत दालन बरे. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयातील अडकित्ते, दिवे आणि स्वयंपाकघरातील भांडी पाहून विस्मरणात गेलेले शब्द परत येऊ शकतात. घरी त्या व्यक्तीच्या तारुण्यातील दहापंधरा गाण्यांची यादी करून ठेवावी, आंघोळीच्या किंवा जेवणाच्या आधी त्यांतील एखादे मंद आवाजात लावावे आणि चेहऱ्याकडे लक्ष ठेवावे. एखादे गाणे दुःखद प्रसंगाशी जोडलेले असेल तर ते लगेच बंद करावे. ‘हे गाणे कोणाचे, ओळखा पाहू’ अशी परीक्षा घेऊ नये.

परदेशात मुलांकडे राहायला गेलेल्या आईवडिलांची अडचण वेगळी असते, कारण तेथे चालत जाता येईल असे काही नसते आणि गाडी त्यांना चालवता येत नाही. लंडनचे महाराष्ट्र मंडळ १९३२ पासून आहे आणि उत्तर अमेरिकेत गावोगावी मंडळे आहेत; पण त्यांचे कार्यक्रम बहुतेक सणांपुरते असतात. वर्षातल्या चार मोठ्या सोहळ्यांपेक्षा दर आठवड्याला एखाद्या घरी भरणारा तासाभराचा वाचनाचा किंवा गाण्याचा अड्डा ज्येष्ठांना अधिक मानवतो, एवढे वरील सर्व विवेचनावरून नक्की म्हणता येते.

शेवटी एक विनंती मुलामुलींना आहे. आईवडिलांना वाढदिवसाला नाटकाचे तिकीट पाठवण्याची चांगली पद्धत अलीकडे रूढ होत आहे. परंतु जोडीदार गेल्यानंतर किंवा मित्र पांगल्यानंतर पुष्कळ ज्येष्ठांचे पाऊल बाहेर पडत नाही, ते सोबत नसल्यामुळे. आणि एकट्याने जायचे म्हणून ते तिकीट टेबलावर तसेच राहते. तिकिटे दोन काढावीत, आणि शक्य असेल त्या वेळी दुसऱ्या खुर्चीवर स्वतः बसावे.